आईच्या स्वयंपाकघरात व्हिनाइल घातलं, बाथरूममध्ये मात्र काढून टाकलं

आधी बाथरूमचं सांगते, कारण स्वयंपाकघरात जे नीट झालं ते बाथरूममध्ये जे बिघडलं त्यामुळेच झालं.

आईचा फ्लॅट कोथरूडला आहे, १९८७ ची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्या काळातल्या फ्लॅटसारखंच सगळं, म्हणजे संडास वेगळा, बाथरूम वेगळं, मधे छोटा पॅसेज आणि त्यात बेसिन. बाथरूम ५ बाय ४ फूट, खाली शहाबादी. ती शहाबादी इतक्या वर्षांत मधे मधे झिजून गुळगुळीत झालेली आणि पावसाळ्यात तिच्यावर बुळबुळीत थर धरायचा, आई दर आठवड्याला खराट्याने घासायची. तिचं वय तेव्हा ७३. मला ते घासणं बघवायचं नाही म्हणून मी ऑनलाइन बघून व्हिनाइलच्या, म्हणजे मऊ प्लॅस्टिकच्या, चिकटवायच्या टाइल्स मागवल्या, १ फूट बाय १ फूट, मागचा कागद काढायचा आणि दाबायचं. पाकिटावर वॉटरप्रूफ लिहिलेलं होतं. रविवारी दुपारी बसून मी स्वतः लावल्या, २० टाइल्स, आणि संध्याकाळी बाथरूम इतकं छान दिसत होतं की आईने खालच्या मजल्यावरच्या काकूंना बोलावून दाखवलं.

हे मे महिन्यात. जुलैत पाणी जायच्या जाळीजवळची एक टाइल कोपऱ्यातून उचलली. मी दाबली, परत उचलली. मग शेजारची. खाली पाणी साचायला लागलं, पाय ठेवला की पचक् आवाज यायचा आणि कुबट वास. ऑगस्टमध्ये मी सुट्टी काढून सगळं काढणार होते, त्याच्या आधीच एका सकाळी आईच्या पायाचं बोट त्या उचललेल्या कोपऱ्यात अडकलं आणि ती पडली. डाव्या मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर.

ते सहा आठवडे मी तिथेच राहिले आणि रात्री बसून हेच वाचत होते, विचारत होते, की नक्की चुकलं काय. म्हणून आता जे लिहितेय ते त्या वेळी मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं, आणि ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी तरी हे पूर्ण वाचा.

पहिली गोष्ट, वॉटरप्रूफ हा शब्द. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, आपल्या पाण्याच्या पाइपांचं असतं तेच, फक्त मऊ केलेलं. त्याला पाण्याने काही होत नाही हे खरंच आहे, लाकडासारखं फुगत नाही, कुजत नाही. पण वॉटरप्रूफ असतं ते मटेरियल, जमीन नाही. पाणी टाइलमधून जात नाही, दोन टाइलांच्या मधल्या फटीतून जातं, भिंतीच्या कडेने जातं, जाळीच्या भोवती कापलेल्या गोलातून जातं. आणि एकदा खाली गेलं की वरचं व्हिनाइल वॉटरप्रूफ असल्यामुळेच ते पाणी वाळत नाही, झाकण लावल्यासारखं आतच राहतं. त्यात खाली शहाबादी, म्हणजे मधे मधे झिजलेला उंचसखल दगड, तिच्या दरजा, म्हणजे दोन फरश्यांमधल्या फटी, उघड्या, वर्षानुवर्षांचं साबणाचं मेण बसलेलं. गोंद धरणार कशाला? मी रविवारी दुपारी फरशी पुसून पंखा लावून वाळवली होती आणि वरून कोरडी दिसली म्हणजे कोरडी असं धरून चालले होते.

दुसरी गोष्ट मला माझ्या मावसभावाशी बोलताना लक्षात आली. तो न्यू जर्सीला असतो आणि त्याने स्वतः दोन दिवसांत बाथरूममध्ये व्हिनाइलच्या क्लिकवाल्या पट्ट्या बसवल्या, पाच वर्षं झाली, काहीही झालेलं नाही. मी जे व्हिडिओ बघून शिकले तेही सगळे तिकडचेच. पण त्याचं बाथरूम म्हणजे काय तर एका बाजूला टब, त्याला पडदा, अंघोळीचं सगळं पाणी टबातच, आणि बाकीची जमीन कोरडी. जमिनीला जाळीच नाही! त्याने कमोड उचलला, खाली मेणाची रिंग असते ती नवीन टाकली, पट्ट्या पार कमोडच्या खालपर्यंत सरकवल्या आणि झालं. आपल्याकडे बाथरूमची जमीन हाच टब असतो. बादली, तांब्या, वर कपडे धुणं, सगळं पाणी जमिनीवरून ढाळाने वाहत जाळीत जातं, रोज, दोन-तीन वेळा. तिकडचं बाथरूम आणि आपलं बाथरूम ह्या दोन वेगळ्या जागा आहेत, नाव फक्त एक आहे. हे माझ्या डोक्यात आधी आलंच नाही.

आणि तो ढाळ हाही प्रश्नच आहे. आपल्या बाथरूमची जमीन मुद्दाम वाकडी असते, चारी बाजूंनी जाळीकडे उतरती. कडक पट्ट्या तिच्यावर टेकत नाहीत, मधे पोकळी राहते, पाय पडला की सांधे हलतात आणि क्लिक तुटतं. व्हिनाइलचा मऊ रोल वळतो, पण त्यालाही जाळीपाशी नीट बसवून गच्च दाबणारी वेगळी रचना लागते.

ओल्या जागेत व्हिनाइल चालतच नाही असं मात्र नाही, हेही सांगायला पाहिजे. हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये जी जमीन असते ती बघा, कोपरा नाहीच, जमीन तशीच वळून भिंतीवर ४ ते ६ इंच चढलेली, आणि दोन शीटांच्या सांध्यात गरम हवेच्या गनने व्हिनाइलचीच दोरी वितळवून भरलेली. म्हणजे सगळं मिळून एक सलग ताट झालं, त्याला काठही आले. तसं केलं, वर खरखरीत अँटीस्किड शीट घेतलं, जाळीखाली शीट गच्च धरणारी दाबपट्टी असलेला ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं भांडं, घेतला, तर न्हाणीतही चालतं, परदेशात म्हाताऱ्या माणसांच्या घरात असं करतात. मी पुण्यात हे काम करणाऱ्या एकांना विचारलं, त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण २० स्क्वेअर फुटांसाठी मशीन आणि माणसं घेऊन यायला परवडत नाही म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं.

मग आम्ही बाथरूम पारंपरिक पद्धतीनेच केलं. शहाबादी काढली, खालचा कोबा, म्हणजे सिमेंटचा थर, दुरुस्त केला, भिंत आणि जमीन मिळते तिथे सिमेंटचा गोलसर वाटा काढला, वॉटरप्रूफिंगचे दोन हात, आणि मग ट्रॅपला बूच मारून दोन इंच पाणी भरून तीन दिवस ठेवलं. रोज सकाळी खालच्या काकूंकडे जाऊन छत बघायचं. तीन दिवस कोरडं राहिलं तेव्हाच पुढचं काम, वर १ बाय १ च्या मॅट अँटीस्किड टाइल्स, जाळीकडे ढाळ ठेवून, दरजा इपॉक्सीने भरलेल्या. मोठ्या टाइल्स घेऊ नका बाथरूमला, मोठी टाइल ढाळाला नीट वळत नाही, आणि लहान टाइलमध्ये दरजा जास्त येतात त्याने पायाला पकड मिळते. भिंतीला धरायला स्टीलचा दांडा बसवला, तो सगळ्यात आधी बसवायला हवा होता.

आता स्वयंपाकघर.

तिथे मोझॅक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सिमेंटमध्ये संगमरवराचे बारीक तुकडे घालून केलेल्या फरश्या, बसवल्यावर जागेवरच मशीनने घासून पॉलिश करायचे. तेव्हाच्या बहुतेक घरांत हेच होतं आणि चांगलं टिकलंसुद्धा. पण आईच्या ओट्यासमोरच्या सात-आठ फरश्यांना तडे होते, दोन हलायच्या, पॉलिश पार गेलेलं, दरजा काळ्या झालेल्या, आणि गॅससमोर तेलकट पट्टा जो काही केल्या निघायचा नाही. आई दिवसातले चार-पाच तास तिथे उभी असते. तिचे गुडघे दुखतात आणि थंडीत ती म्हणायची फरशीतून गारठा वर चढतो.

फोडून नवीन टाइल्स घालायच्या तर दोन आठवडे स्वयंपाकघर बंद, तीन मजले राडारोडा पोत्यांत भरून खाली, सोसायटीची परवानगी, धूळ, आणि ७३ वर्षांच्या बाईचं तेवढ्या दिवसांचं जेवण. जुन्यावर नवीन टाइल्स घातल्या तर स्लॅबवर वजन वाढतं, वर दाराशी पायरी होते, आणि म्हातारपणात घरातल्या घरात अर्ध्या-पाऊण इंचाची पायरी फार वाईट. म्हणून परत व्हिनाइलचाच विचार आला. आईच म्हणाली, "अगं, वस्तू वाईट नव्हती, जागा चुकली." मला भीती वाटत होती, तिला नाही.

या वेळी आधी नीट समजून घेतलं. घरात घालायचं व्हिनाइल साधारण तीन तऱ्हांचं मिळतं. एक रोल, म्हणजे शीट, साधारण २ मीटर रुंद. दुसरं गोंदाने चिकटवायच्या पट्ट्या किंवा टाइल्स, २-३ मिमी जाड. तिसरं एसपीसी, ज्याच्या मधल्या थरात चुनखडीची पूड आणि पीव्हीसी असतं, कडक असतं, ४ ते ६ मिमी, एकात एक क्लिक करून बसवायचं, खाली चिकटवायचं नाही. दुकानात सगळे एसपीसीच दाखवतात कारण बसवायला पटकन होतं आणि दिसतं लाकडासारखं सुंदर. हॉलला, बेडरूमला मीही तेच घेईन. पण ते तरंगतं, म्हणजे सगळी जमीन मिळून एक तुकडा होते आणि उन्हाळ्या-हिवाळ्याला किंचित लांबते-आखडते, त्यासाठी भिंतीकडेला ६ ते १० मिमी जागा मोकळी सोडायची आणि वर फिक्स कपाटं बसवायची नाहीत. आणि सांधे तर आहेतच. आई स्वयंपाकघर पुसत नाही हो, धुते. सणाच्या आधी बादलीभर पाणी ओतून, खराटा मारून, वायपरने मोरीकडे ढकलते. तिला आता ही सवय बदल म्हणून सांगणं मला पटत नव्हतं. जमीन तिच्या सवयीला झेपेल अशी पाहिजे.

मग टेप घेऊन मोजलं. स्वयंपाकघर १० बाय ८ फूट. ओटा २ फूट खोल आणि त्याच्या खाली ट्रॉलीसाठी ३ इंचाचा कट्टा आहे, म्हणजे उघडी जमीन रुंदीला ६ फूटच! आणि रोल २ मीटरचा म्हणजे साडेसहा फुटांच्या थोडा वर. एकही सांधा न देता अख्खं स्वयंपाकघर एका तुकड्यात. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे आईला मिठी मारली. तुम्हीही आधी हे बघा, खोलीचं क्षेत्रफळ नाही, उघड्या जमिनीची अरुंद बाजू मोजा आणि रोलच्या रुंदीशी लावून बघा, बऱ्याच जुन्या स्वयंपाकघरांत हे जमतं.

रोल घेताना दोन जाड्या विचारायच्या. एक एकूण जाडी, मी २ मिमीचा घेतला. आणि दुसरी, जी दुकानदार आपणहून सांगत नाही, ती वरच्या पारदर्शक थराची, वेअर लेयर म्हणतात. खालचं डिझाइन छापलेलं असतं, त्याला हा थर सांभाळतो. ०.२ मिमी असेल तर स्वयंपाकघरात लवकर झिजेल, ०.५ घेतलात तर निवांत. एकूण जाडी बघून स्वस्त म्हणून घेतलेला ३ मिमीचा फोमवाला रोल खुर्चीच्या पायाने दबतो आणि तसाच राहतो, आणि आपल्याकडे तर सिलेंडर असतो. भरलेला सिलेंडर म्हणजे १४.२ किलो गॅस अधिक टाकी, मिळून ३० किलोच्या आसपास, आणि तो आणून देणारा खालच्या कडीवर गोल गोल फिरवत नेतो. ती कडी व्हिनाइलला सुरीसारखी लागते. सिलेंडरसाठी चाकांची ट्रॉली आधी घ्या, मग व्हिनाइल घ्या. सिमेंटसारखं मॅट डिझाइन घेतलं, चकचकीत नको, ओल्या पायाला घसरतं.

आता ओल. बाथरूमच्या अनुभवानंतर मी ठरवलंच होतं की ओल तपासल्याशिवाय गोंदाचा डबा उघडायचा नाही. घरच्या घरी करायची पद्धत सोपी आहे. साधारण दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्यायचं, जमिनीवर पसरून चारी बाजूंनी टेप लावून हवा जाणार नाही असं बंद करायचं, आणि कमीत कमी १६ तास ठेवायचं. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या खाली दव जमलेलं दिसलं किंवा फरशी काळपट झाली तर खालून ओल येतेय. मी तीन ठिकाणी लावलं, दाराशी, मधे आणि सिंकजवळ. दाराशी आणि मधे कोरडं. सिंकजवळचं प्लास्टिक आतून घामाने भरलेलं.

तिसऱ्या मजल्यावर जमिनीतून ओल कुठून येणार, म्हणजे आपलंच काहीतरी गळतंय. प्लंबरला बोलावलं, ट्रॉली बाहेर काढल्या, तर सिंकचा खालचा पाइप जिथे भिंतीत शिरतो तिथे थेंब थेंब गळत होतं, किती वर्षांपासून कोण जाणे. खालच्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या छताला पोपडे येत होते आणि त्या बिचाऱ्या दर दिवाळीला रंग लावत होत्या, आम्हाला बोलल्या नाहीत, त्यांना वाटायचं पावसाने होतंय. मी जाऊन माफी मागितली आणि त्यांच्या छताचं काम करून दिलं. व्हिनाइल थेट चिकटवलं असतं तर ती गळती आणखी दहा वर्षं झाकून गेली असती. पाइप बदलल्यावर तीन आठवडे काहीही केलं नाही, फक्त पंखा आणि उघड्या खिडक्या. परत प्लास्टिक लावलं. कोरडं. एप्रिल संपत आला होता, आणि हे काम उन्हाळ्यातच उरकायचं होतं, पावसाळ्यात जमीन वाळत नाही आणि गोंदही वाळत नाही.

जमीन तयार करायला दोन दिवस गेले आणि व्हिनाइल अंथरायला एक दुपार. हे प्रमाण लक्षात ठेवा. जो मिस्त्री म्हणेल सकाळी येतो दुपारी संपवून जातो, त्याला विचारा खालची फरशी कोण करणार.

आमचे मिस्त्री शांत, कमी बोलणारे. पहिल्यांदा त्यांनी थापीच्या मुठीने एकेक फरशी ठोकत अख्खी खोली पालथी घातली, ज्या पोकळ वाजल्या त्यांच्यावर खडूने फुली. अकरा निघाल्या. हलणाऱ्या काढून परत बसवल्या, बाकीच्यांच्या खाली सिमेंटचं पातळ पाणी सोडलं. मग तेल. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने मी आणि त्यांनी तीन वेळा घासलं, गॅससमोरचा पट्टा पाच वेळा, आणि दर वेळी साध्या पाण्याने धुतलं कारण सोडा राहिला तर तोही गोंदाला नको. तिथे पाण्याचे थेंब टाकून बघायचे, थेंब मोत्यासारखा उभा राहिला म्हणजे तेल अजून आहे, पसरला म्हणजे गेलं. वाळल्यावर पॉलिश पेपरचं मशीन फिरवून फरशी खरखरीत केली.

मग लेव्हल. दोन मीटरची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी जमिनीवर ठेवून खाली फट बघायची, ३ मिमीपेक्षा जास्त नको. आमच्याकडे मधे ६ मिमीचा खड्डा होता. आणि मऊ रोलच्या बाबतीत नुसती लेव्हल पुरत नाही, खालचा प्रत्येक डाग वर उमटतो. दरजा, तडा, वाळूचा एक कण, सगळं. पहिल्या दिवशी दिसत नाही, महिन्याभराने चालून चालून व्हिनाइल खाली बसतं आणि मग उन्हाच्या तिरीपेत अख्ख्या मोझॅकच्या रेषा वर दिसायला लागतात. म्हणून प्रायमर मारून वर सेल्फ लेव्हलिंगचा, म्हणजे ओतला की आपोआप सपाट होणाऱ्या मसाल्याचा, २-३ मिमीचा थर ओतला, खड्ड्यात जास्त. याची पूड येते पोत्यात, त्यात पाणी मोजूनच घालायचं. मिस्त्रींनी बादलीवर मार्करने खूण केली होती आणि माझ्या हातून तांब्याभर जास्त ओतलं जाणार होतं तर ओरडलेच, "ताई, पाणी जास्त झालं की वरचा थर पिठासारखा निघतो, मग तुमचं व्हिनाइल पिठाला चिकटणार!" पंधरा-वीस मिनिटांत ते घट्ट व्हायला लागतं, त्यामुळे ओतायचं, पसरवायचं, काटेरी रोलर फिरवून हवेचे बुडबुडे फोडायचे, हे सगळं भरभर. दुसऱ्या दिवशी सकाळी जमीन इतकी सपाट आणि करडी दिसत होती की आई म्हणाली हीच राहू दे, किती सुंदर आहे.

रोल आदल्या दिवशीच हॉलमध्ये उलगडून ठेवला होता. गुंडाळलेला रोल लगेच लावला तर कडा वर येतात, त्याला एक-दोन दिवस घरातल्या हवेत सैल होऊ द्यावं लागतं. घडी कधीच घालायची नाही, घडीची रेघ जात नाही. आणलेल्या टेम्पोवाल्याने तो मधून दुमडून जिन्यातून वर न्यायचा प्रयत्न केला होता, मी हात जोडून थांबवलं.

कापायच्या आधी आम्ही कागदाचा नकाशा केला. जुनी वर्तमानपत्रं एकमेकांना चिकटवून अख्ख्या जमिनीवर अंथरली, भिंतीला, दाराच्या चौकटीला, गॅसच्या पाइपला बरोबर लागतील अशी कापली, आणि तो एवढा मोठा कागद उचलून व्हिनाइलवर ठेवून आखलं, भिंतीकडेला दोन दोन इंच जास्त ठेवून. जुन्या घरात भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसतात, आमची एक भिंत १० फुटांत सव्वा इंच तिरकी निघाली, हे कागदाने सांगितलं, टेपने सांगितलं नसतं. दाराच्या चौकटीभोवती व्हिनाइल कापत बसण्यापेक्षा चौकटच खालून २ मिमी करवतीने कापली आणि व्हिनाइल तिच्या खाली सरकवलं, एकदम स्वच्छ दिसतं.

मग अर्धा भाग दुमडून नाही तर हलकेच मागे वळवून ठेवला, उघड्या अर्ध्या जमिनीवर बारीक दातांच्या थापीने गोंद ओढला, आणि थांबलो. हे थांबणं महत्त्वाचं. गोंद पांढरा दिसतोय तोवर ओला असतो, बोट लावलं की बोटाला लागतो. तो पारदर्शक होऊन बोटाला नुसता चिकचिक लागायला लागला की शीट सोडायचं. आम्हाला २५ मिनिटं लागली, पुण्याच्या मेमध्ये. तुमच्याकडे हवा दमट असेल, मुंबई-कोकणात, तर जास्त लागतील. मधून कडेकडे दाबत हवा बाहेर काढली, मग दुसरा अर्धा. वरून जड रोलर फिरवायचा असतो, ४५ किलोचा, मिस्त्रींनी भाड्याने आणला होता. पण तो भिंतीच्या कोपऱ्यात आणि ओट्याच्या कट्ट्याशी जात नव्हता. आईने बघितलं, आत गेली आणि पोळ्यांचं जुनं लाटणं टॉवेलात गुंडाळून घेऊन आली. मिस्त्रींनी काही न बोलता घेतलं आणि सगळ्या कडा त्याने दाबल्या. प्लास्टर निघून सात-आठ महिने झाले होते, तरी त्या हाताने तिला जड उचलवत नव्हतं, पण पॅसेजकडची कड तिने स्वतः बसून लाटली.

भिंतीकडेला जास्तीचं कापून सिंकच्या बाजूला आणि मोरीपाशी सिलिकॉन भरलं, वर स्कर्टिंगची पट्टी. पॅसेजमध्ये उरलेल्या रोलचा तुकडा लावला आणि दोघांच्या मधे उंबऱ्यावर ॲल्युमिनियमची चपटी पट्टी. पॅसेजचं व्हिनाइल बाथरूमच्या दारापाशी थांबतं, पुढे अँटीस्किड टाइल्स, आणि त्या अर्धा इंच खाली आहेत म्हणजे पाणी बाहेर येत नाही. २४ तास जड काही ठेवलं नाही, दोन दिवस पाणी लावलं नाही, फ्रिज आत घेताना खाली प्लायचे दोन तुकडे टाकून त्यावरून सरकवला. वास आला, आठवडाभर तरी. खिडक्या उघड्या ठेवल्या. घरात लहान मूल किंवा दमा असलेलं कोणी असेल तर घेताना कमी वासाचं, थॅलेट (व्हिनाइल मऊ करायला घालतात ते रसायन) नसलेलं असं मुद्दाम विचारा.

आता वर्ष झालं. कशाने काय होतं ते अनुभवाने सांगते. हळद सांडली तर लगेच पुसायची, राहिलाच पिवळा डाग तर घाबरू नका, हळदीचा रंग उन्हात उडतो, आमचा खिडकीजवळचा डाग आठवड्याने आपोआप फिका होत गेला. खरा शत्रू म्हणजे मागे रबर असलेली पायपुसणी. रबरातलं काहीतरी व्हिनाइलमध्ये उतरतं आणि खाली पिवळट-तपकिरी चौकोन पडतो, तो वरून पुसून जात नाही कारण तो वर नसतोच. आईकडे आता सुती सतरंजीच्या पट्ट्या आहेत. गरम तवा, कुकर जमिनीवर टेकवायचा नाही. विळी पाटावर ठेवून बसायचं, नारळ गॅलरीत जाऊन फोडायचा. देवघर स्वयंपाकघरातच आहे, निरांजनाची वात किंवा उदबत्तीचं टोक पडलं तर कायमचा खड्डा पडतो, म्हणून खाली मोठं ताम्हण. वाफेचं मशीन वापरू नका, गोंद सुटतो. साधं पाणी, थोडा भांड्यांचा साबण, बास.

परदेशातल्या वाचकांसाठी एक गोष्ट, कारण मावसभावाने ती मुद्दाम लिही म्हणून सांगितलं. त्याचं घर १९६० च्या दशकातलं, तळघरात ९ इंच बाय ९ इंचाच्या जुन्या टाइल्स होत्या. तिकडे त्या काळच्या अशा टाइल्समध्ये आणि खालच्या काळ्या गोंदात ॲस्बेस्टॉस असायचं. अख्ख्या असतील तोवर त्रास नाही, पण खरवडल्या, घासल्या की धूळ उडते आणि ती फुफ्फुसात जाते. त्याने आधी लॅबमध्ये नमुना तपासून घेतला, मग त्या न काढता वरूनच नवीन जमीन घातली. तुम्ही जुन्या घरात असाल तर खरवडायच्या आधी तपासा.

गौरी आणायच्या दिवशी आई मला विचारत होती की व्हिनाइलवर रांगोळी चालेल का. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, कोरड्या पायाने घासली तर बारीक ओरखडे पडतात, हे मी वाचलं होतं. पण दारापासून देवघरापर्यंत गौरीची पावलं काढायची नाहीत असं मी तिला कसं सांगणार? म्हटलं काढ, मी नंतर ओल्या फडक्याने अलगद उचलून घेईन. तिने काढली, उजव्या हाताने रांगोळी आणि डावा हात जमिनीवर टेकून, खाली बसून, एकेक पाऊल. करड्या जमिनीवर ती पांढरी पावलं आणि मधे हळदी-कुंकवाचे ठिपके इतके उठून दिसत होते. दुसऱ्या दिवशी मी फडकं घेऊन बसले तर म्हणाली, राहू दे गं अजून एक दिवस.